दान दिलेल्या जमिनीवर डोळा: मध्ययुगीन जर्मन मठ, त्यांचे संस्थापक सरदार आणि 'फोग्ट'

मोडीवाचक (धागाकर्ता)

जर्मन सरदार मठाला जमीन 'देऊन टाकायचा', तेव्हा त्याच्या हातून नेमकं काय जायचं आणि काय मागे राहायचं? या एकाच प्रश्नावर हा धागा आहे. उदाहरण म्हणून हिर्साउ घेतो, कारण तिथला व्यवहार कागदावर, म्हणजे चर्मपत्रावर, फार स्पष्ट उतरलाय.

हिर्साउ हे ब्लॅक फॉरेस्टच्या उत्तर भागात नागोल्ड नदीकाठी. संत आउरेलियसच्या अस्थी असलेला नवव्या शतकातला मठ तिथे होता. तो ओस पडला आणि त्याच्या जमिनी काल्व घराण्याच्या काउंटांनी (काउंट म्हणजे प्रदेशाचा कारभार पाहणारा सरदार) हळूहळू आपल्यात मिसळून टाकल्या. १०४९ मध्ये पोप लिओ नववा त्या भागात आला. हा पोप म्हणजे काउंट आडालबेर्ट दुसरा याचा सख्खा मामा. त्याने भाच्याला सांगितलं, मठ पुन्हा उभा कर. भाच्याने दहा वर्षं काही केलं नाही. १०५९ मध्ये बांधकाम सुरू झालं आणि १०६५ मध्ये आइनझीडेल्नहून साधू आले. १०६९ मध्ये काउंटने पहिला मठाधिपती फ्रीडरिश याला काढलं आणि रेगेन्सबुर्गच्या झांक्ट एमेराम मठातून विल्हेल्मला आणलं.

इथेच काउंटचं गणित चुकलं. काउंटच्या मर्जीने आलेल्या विल्हेल्मने सर्वांत आधी काउंटच्या मर्जीवरच बोट ठेवलं. फ्रीडरिशला अन्यायाने काढलंय असं म्हणत, तो जिवंत असेपर्यंत त्याने मठाधिपतीची दीक्षा घेतली नाही. पुढे काउंटने काही हक्क सोडले, पण अर्धवट. विल्हेल्मने ते मान्य केलं नाही. शेवटी १०७५ मध्ये आडालबेर्टने बायकोमुलांसह वेदीसमोर मालकी सोडली आणि ९ ऑक्टोबर १०७५ रोजी वोर्म्स इथे जर्मन राजा हेन्री चौथ्याच्या नावाची सनद झाली. त्यातली मुख्य कलमं अशी:

मठ, त्याच्या जमिनी आणि माणसं यांवर काउंटचा किंवा त्याच्या वारसांचा मालकी हक्क नाही. मठाधिपती साधूंनी निवडायचा. त्याची अधिकाराची काठी आउरेलियसच्या वेदीवरून घ्यायची, राजा, बिशप किंवा काउंट यांच्या हातून नाही. दर ईस्टरला रोममध्ये संत पीटरच्या वेदीवर सोन्याचं एक नाणं पोचवायचं, म्हणजे मठ पोपच्या छत्राखाली आहे याची दरवर्षी नोंद होते. आणि फोग्ट, म्हणजे मठाच्या वतीने न्याय आणि संरक्षण करणारा सरदार: तो संस्थापकाच्या घराण्यातलाच घ्यायचा, पण ऐहिक फायद्यासाठी नव्हे तर पुण्यासाठी काम करणारा. त्रास देऊ लागला, तर मठाधिपतीने साधूंच्या सल्ल्याने त्याला काढून दुसरीकडून माणूस आणायचा.

सगळी गोम या शेवटच्या कलमात आहे. त्यावर जाणकारांनी लिहावं.

---

चाफेकळी

छान विषय. माझ्यासारख्यांसाठी आधी हे सांगा, की मठाला फोग्ट लागतोच कशाला? मठाधिपती स्वतःच जमीनदार आहे, कारभारी ठेवू शकतो.

---

गोमेद

चाफेकळी, कारभारी वेगळा आणि फोग्ट वेगळा. कारभारी धान्य मोजतो. फोग्ट न्याय करतो आणि तलवार धरतो.

कारणं दोन आहेत आणि ती एकमेकांत अडकलेली आहेत. पहिलं, चर्चच्या कायद्याप्रमाणे धर्मपुरुषाने रक्त सांडायचं नाही, म्हणून फाशीची किंवा हातपाय तोडण्याची शिक्षा मठाधिपती देऊ शकत नाही. दुसरं, मोठ्या मठांना राजाकडून 'इम्युनिटी' मिळालेली असे: काउंटच्या माणसांनी मठाच्या जमिनीवर पाऊल टाकायचं नाही, तिथे दंड वसूल करायचा नाही, कोर्ट भरवायचं नाही. मग मठाच्या गावात खून पडला तर? काउंट येऊ शकत नाही, मठाधिपती शिक्षा देऊ शकत नाही. त्या रिकाम्या जागी बसतो तो फोग्ट. लॅटिनमध्ये 'आडव्होकाटुस'. आपण 'ॲडव्होकेट' म्हणतो तो शब्द आणि हा 'फोग्ट', दोन्हींचं मूळ एकच. फ्रँक सम्राट शार्लमेनच्या ८०२ च्या फर्मानातही चर्चचे असे प्रतिनिधी कायदा जाणणारे आणि न्यायी असावेत, असं बजावलेलं आहे.

कामाची पद्धत साधारण अशी: वर्षातून तीन ठरलेली कोर्टं. फोग्ट मठाच्या मुख्य वाड्यावर यायचा, त्या दिवशी त्याचं आणि सोबतच्यांचं जेवण, घोड्यांचे ओट मठाकडे. जमा झालेल्या दंडातला प्रथेप्रमाणे एक तृतीयांश त्याचा, दोन तृतीयांश मठाचा. शिवाय संरक्षणाच्या बदल्यात प्रत्येक कुळाकडून थोडे ओट आणि कोंबडी. या देण्यांना जर्मनमध्ये नावंच आहेत: फोग्टहाफर, फोग्टहून.

बिघडायचं कुठे? तीनाच्या ऐवजी सहा वेळा यायचा. बारा घोड्यांऐवजी तीस आणायचा. स्वतः न येता हाताखाली उपफोग्ट नेमायचा, आणि त्या उपफोग्टाचं पोट पुन्हा त्याच कुळांवर. मठाच्या टेकडीवर 'संरक्षणासाठी' किल्ला बांधायचा. आणि सर्वांत वाईट म्हणजे पद वडिलोपार्जित करायचा. मग ते मुलींच्या लग्नात जायचं, भावांत वाटलं जायचं, गहाण पडायचं. म्हणूनच अकराव्या-बाराव्या शतकातल्या सनदांत स्वारांची संख्या, मुक्कामाच्या रात्री, उपफोग्ट नेमायला मनाई असली कलमं पुन्हा पुन्हा येतात. एखादी गोष्ट करू नये असं सनद पाच वेळा सांगत असेल, तर ती सर्रास होत होती असं समजावं.

---

द्राक्षवेल

हिर्साउच्या आधीचं चित्र नसेल तर १०७५ चं महत्त्व कळणार नाही, म्हणून लोर्शचं उदाहरण देते.

७६४ मध्ये ऱ्हाइनगाऊचा काउंट कान्कोर आणि त्याची आई विलिस्विंडा यांनी वेश्निट्स नदीतल्या बेटावर मठ स्थापला. तो त्यांनी आपला नातेवाईक, मेत्झचा बिशप क्रोडेगांग याच्या हवाली केला. क्रोडेगांगने आपला भाऊ गुंडेलांड याला मठाधिपती केलं आणि रोमहून संत नाझारियसच्या अस्थी आणवल्या. त्या ७६५ मध्ये पोचल्या. अस्थी आल्या की भाविक येतात आणि त्यांच्यामागून दानपत्रं. लोर्शला पहिल्या काही वर्षांतच शेकडो दानं मिळाली.

मग कान्कोर वारला आणि मुलगा हाइमेरिश उभा राहिला: मठ माझ्या बापाने बांधला, म्हणजे माझा. त्या काळच्या रूढीत हा दावा मुळीच वेडगळ नव्हता. ज्याच्या जमिनीवर देऊळ त्याची त्यावर मालकी, हीच पद्धत होती. चर्च विकता येई, वाटणीत देता येई, हुंड्यात जाई. ७७२ मध्ये प्रकरण शार्लमेनच्या दरबारात गेलं, निकाल गुंडेलांडच्या बाजूने लागला. त्याने लगेच मठ राजाच्या चरणी घातला, आणि बदल्यात राजसंरक्षण, इम्युनिटी आणि मठाधिपती निवडण्याचा हक्क घेतला.

म्हणजे आठव्या शतकात संस्थापकाच्या वारसापासून वाचायचं तर राजाकडे पळायचं. अकराव्या शतकात हिर्साउ रोमकडे पळालं. पण राजाकडे पळण्याची किंमत असते: राजमठ राजा पुढे तिसऱ्याला देऊ शकतो. लोर्शचं तेच झालं. १२३२ मध्ये फ्रेडरिक दुसऱ्याने तो माइन्झच्या आर्चबिशपच्या ताब्यात दिला आणि तिथल्या बेनेडिक्टिन (संत बेनेडिक्टच्या नियमाने राहणाऱ्या) साधूंना तिथून निघावं लागलं.

---

सह्यवेध

दान प्रत्यक्षात कसं व्हायचं, त्याच्या पायऱ्या कोणी लिहील का? सनद लिहिली, शिक्का मारला, झालं, इतकंच होतं का?

---

गोमेद

नाही. बराच काळ सनद हा फक्त पुरावा, तोही दुय्यम. खरं दान म्हणजे लोकांदेखत केलेली कृती.

१) वारसांची संमती. बायको, मुलं, भाऊ यांना वेदीजवळ उभं करायचं आणि त्यांच्या तोंडून होकार घ्यायचा. हे राहिलं तर दाता वारल्यावर दावा येणार, हे ठरलेलं. हिर्साउच्या सनदेत आडालबेर्टच्या कुटुंबाचा उल्लेख उगाच नाही.

२) मध्यस्थ. दक्षिण जर्मनीत दाता बऱ्याचदा जमीन थेट मठाला देत नसे. ती आधी एका स्वतंत्र, प्रतिष्ठित माणसाच्या हाती देई. त्याला 'झालमान' म्हणत. दात्याने सांगितल्या वेळी, म्हणजे अनेकदा त्याच्या मृत्यूनंतर, झालमानने ती वेदीवर न्यायची. फायदा असा, की मधल्या काळात जमीन वारसांच्या हातात राहत नाही. धोका असा, की झालमान फिरला तर सगळंच बुडालं. म्हणून तो दात्याच्या बरोबरीचा किंवा वरचढ माणूस शोधायचे.

३) वस्तू. शेतातलं मातीचं ढेकूळ, झाडाची फांदी, हातमोजा असं काहीतरी वेदीवर ठेवायचं.

४) साक्षीदार. बव्हेरियात साक्षीदाराचे कान ओढत. गंमत म्हणून नव्हे, बव्हेरियन कायद्यातलीच ती तरतूद होती, प्रसंग लक्षात राहावा म्हणून. फ्राइझिंगच्या दानपत्रांत 'कान ओढलेले साक्षीदार' म्हणून नावांची यादी येते. कोत्स्रो नावाच्या धर्मपुरुषाने बिशप हिटोच्या सांगण्यावरून ८२४ पासून ही दानपत्रं एका पुस्तकात उतरवायला घेतली, म्हणून ती टिकली.

५) परतीचा करार. पुष्कळ दाते दिलेली जमीन हयातभर वापरायला परत घेत आणि दरवर्षी नाममात्र खंड भरत, मेणाच्या स्वरूपातसुद्धा. याला 'प्रेकारिया' म्हणत. म्हणजे वहीत आलेली जमीन मठाच्या कोठारात यायला एक-दोन पिढ्या लागत. दानांच्या संख्येवरून मठ किती श्रीमंत होता हे ठरवणारे इथेच फसतात.

---

द्राक्षवेल

पाचव्या मुद्द्याला जोड. एका शेतकरी घरातून मठात काय पोचायचं ते प्र्यूम मठाच्या जमीन-नोंदवहीत दिसतं. व्हायकिंग लुटारूंनी ८८२ आणि ८९२ मध्ये मठ लुटला, त्यानंतर ८९३ मध्ये ही वही तयार झाली. तिची १२२२ मधली नक्कल आज हाती आहे. ती त्याच मठाचा माजी मठाधिपती सीझारियस याने टिपणांसह केली, कारण तीनशे वर्षांत जुने शब्द कोणाला कळेनासे झाले होते.

रोमर्सहाइम गावातल्या विड्राड नावाच्या कुळाची नोंद: २० देनारी (चांदीची नाणी) किमतीचं एक डुक्कर, एक पौंड सूत, ३ कोंबड्या, १८ अंडी. मे महिन्यात अर्धी गाडी वाइन वाहून न्यायची, ऑक्टोबरात आणखी अर्धी. शेणखताच्या ५ गाड्या. सरपण. पाव भाजणं, बिअर गाळणं. एक आठवडा जंगलात डुकरं राखणं. आणि वर्षभर आठवड्यातले तीन दिवस मठाच्या शेतात काम. गावातली जमिनीचा पूर्ण वाटा असलेली बाकीची कुळंही असंच देणार.

या यादीत फोग्टाचे ओट आणि कोंबडी जमेस धरा. मग मठाधिपती फोग्टावर का चिडतो ते समजतं. कूळ एकच, गोठा एकच. फोग्टाने जास्त ओढलं की मठाची गाडी रिकामी येते.

---

मोडीवाचक

गोमेद, द्राक्षवेल, दोघांचेही आभार. मूळ मुद्द्यावर येतो. माझं मत असं, की १०७५ मध्ये आडालबेर्ट हरला. मालकी गेली, मठाधिपती नेमणं गेलं, काढणं गेलं.

---

गोमेद

इथे माझा मतभेद आहे. आडालबेर्टने जे सोडलं ते टिकणारं नव्हतंच. धर्मपुरुषांना खाजगी मालकीचे मठ १०७० च्या दशकात खुपू लागले होते. पुढे-मागे ते जाणारच होतं. त्याने जे राखलं ते पाहा: फोग्टपद काल्व घराण्यात, आणि दंड देण्याचा अधिकार राजाकडून मिळालेला. म्हणजे वेदीवरच्या काठीवर पाणी सोडून त्याने कोर्ट आणि फाशीचा खांब ठेवला. शेजारच्या सरदारांशी स्पर्धा करताना यांतलं काय जास्त उपयोगी?

घराण्याला आणखी दोन गोष्टी मिळाल्या. पुरण्याची जागा आणि नाव घेणारी तोंडं. राइशेनाउ मठाच्या ८२४ च्या सुमारास सुरू झालेल्या स्मरणग्रंथात सुमारे ३८,००० नावं आहेत: साधू, राजे, दाते, त्यांचे नातलग. मेल्यावर शतकानुशतकं आपलं नाव प्रार्थनेत उच्चारलं जाणं, हे त्या माणसांना आजच्या भाषेतल्या 'प्रतिष्ठे'पेक्षा फार मोठं होतं. ती श्रद्धा खरी होती, आणि तिला नुसता मुलामा समजणं चूक ठरेल. आडालबेर्ट स्वतः शेवटी हिर्साउमध्ये साधू झाला आणि १०९९ मध्ये तिथेच वारला.

---

मोडीवाचक

मान्य, 'हरला' हा शब्द मागे घेतो. पण फोग्टाला काढता येतं हे कलम नवं आहे, ते तुम्ही हलकं धरताय. याच साच्यावर पुढे शेजारच्यांनी आपले व्यवहार बेतले. शाफहाउझनचा मठ १०४९ मध्ये एबरहार्ड फॉन नेलेनबुर्गने घराण्यासाठी काढला, आणि १०८० मध्ये त्याचा मुलगा बुर्कहार्डने विल्हेल्मला बोलावून सगळे हक्क सोडले. शाफहाउझन गाव, बाजार आणि टांकसाळ यांसकट.

---

द्राक्षवेल

कलम होतं, पण बजावणार कोण? फोग्टाला काढायचं तर त्याच्याहून बलवान माणूस मठाच्या बाजूने हवा. काल्वचा वंश पुढे आडालबेर्टचा मुलगा गॉटफ्रीड याच्यानंतर त्याच्या मुलीवर, उटावर आला. तिचं लग्न वेल्फ सहाव्याशी झालेलं, आणि वारशावरून चुलतभावाशी लढाई जुंपली. अशा वेळी साधूंच्या निवडीला कितीसा अर्थ राहतो?

सनद अपुरी पडली की काही मठ 'आणखी जुनी' सनद काढत. राइशेनाउमध्ये बाराव्या शतकात थेट शार्लमेनच्या नावाने खोट्या सनदा तयार झाल्या, त्यांत फोग्टाच्या हक्कांवर मर्यादा घातलेल्या. पद्धत चलाख होती: खऱ्या कॅरोलिंगियन (शार्लमेनच्या घराण्याच्या काळातल्या) सनदेवरचा मजकूर खरवडायचा, राजाची खूण आणि शिक्का तसाच ठेवायचा आणि मध्ये नवा मजकूर लिहायचा. आज ते पकडलं जातं, कारण अक्षराचं वळण जुन्यासारखं काढलं तरी शब्द फसवतात. नवव्या शतकाच्या सनदेत बाराव्या शतकातल्या तक्रारी दिसल्या, की संशय घ्यायचाच.

---

सह्यवेध

मग हिर्साउची सनद खरी की खोटी?

---

द्राक्षवेल

त्यावर अभ्यासकांत खूप वाद झाला. ती राजाच्या कार्यालयातल्या लेखकाच्या नेहमीच्या भाषेत नाही, हे उघड दिसतं. पण मजकूर लाभार्थीने म्हणजे मठाने रचायचा आणि राजाच्या कार्यालयाने मान्य करायचा, ही पद्धत तेव्हा रुळलेली होती. आज बहुतेक अभ्यासक व्यवहार खरा मानतात. काळही पाहा: ऑक्टोबर १०७५ मध्ये हेन्री आणि पोप ग्रेगोरी सातवा यांचं उघड फाटलेलं नव्हतं. कॅनोसा, म्हणजे बहिष्कृत हेन्रीने पोपपुढे जाऊन माफी मागितली ते प्रकरण, जानेवारी १०७७ मधलं. काही महिने उशीर झाला असता, तर रोमला वर्षाचं नाणं देणाऱ्या मठाला हेन्रीने अशी सनद दिली असती असं वाटत नाही. पुढे विल्हेल्म उघडपणे पोपच्या पक्षात गेला.

---

चाफेकळी

स्त्रियांच्या मठांत काय? तिथेही फोग्ट?

---

गोमेद

तिथे तर जास्तच. आणि सर्वांत भयंकर प्रकरण तिथलंच: एसेन, १२२५.

एसेन हा उच्चकुलीन स्त्रियांचा श्रीमंत मठ. त्याचा फोग्ट होता काउंट फ्रीडरिश फॉन इझेनबेर्ग. त्याच्या घराण्याने फोग्टपदाखालच्या शेतवाड्यांची यादीच करून ठेवली होती. ती 'फोग्टाइरोल' आजही आहे, आणि वाचताना मठाची मालमत्ता वाचतोय की इझेनबेर्गची, असा प्रश्न पडतो. ॲबेसने (मठाच्या प्रमुख स्त्रीने) पोपकडे तक्रार नेली. निवारण करायचं होतं कोलोनच्या आर्चबिशप एंगेलबेर्टने, आणि तो फ्रीडरिशचा भाऊबंद! एंगेलबेर्टने झोएस्ट इथे बोलणी केली, भरपाई देऊ केली, पण तोडगा निघाला नाही. परतीच्या वाटेवर, ७ नोव्हेंबर १२२५ च्या संध्याकाळी, गेवेल्सबेर्गजवळच्या घळीत फ्रीडरिशच्या माणसांनी त्याला गाठून मारलं. पकडायचं ठरलं होतं की मारायचंच, यावर अजून चर्चा चालते.

पुढचं थोडक्यात: इझेनबुर्ग किल्ला पाडला. फ्रीडरिशला नोव्हेंबर १२२६ मध्ये कोलोनच्या वेशीबाहेर चाकावर हाडं मोडून मारलं. त्याचे दोन भाऊ बिशप होते, म्युन्स्टरचा डीट्रिश आणि ओस्नाब्र्युकचा एंगेलबेर्ट. कटात सामील ठरवून दोघांचीही पदं काढली. खून झाला त्या जागी सिस्टर्शियन (बेनेडिक्टिनांतून निघालेला कडक नियमांचा पंथ) नन्सचा मठ उभा राहिला. मारणारा, मरणारा आणि पदच्युत बिशप सगळे एकाच गोतावळ्यातले. म्हणून 'चर्च विरुद्ध सरदार' अशी सरळ रेघ इथे ओढता येत नाही.

---

सह्यवेध

सिस्टर्शियनांचं नाव आलं म्हणून विचारतो. त्यांनी फोग्ट नाकारला होता ना?

---

मोडीवाचक

तत्त्वतः हो. ११२३ मध्ये काम्पला जर्मन भूमीतला त्यांचा पहिला मठ झाला, मग एब्राख ११२७, एबरबाख ११३६. शेती कुळांकडून न करवता दाढीवाल्या गृहस्थ-बंधूंकडून (पूर्ण साधू नसलेले, श्रमाची कामं करणारे मठवासी), स्वतःच्या वाड्यांवर करायची, म्हणजे न्याय करायला खालची प्रजाच कमी. (हे गृहस्थ-बंधू हिर्साउनेही आधीच ठेवले होते.) पण चोर तर येणारच. म्हणून त्यांनी घराण्याचा फोग्ट टाळून थेट राजाचं किंवा प्रांताच्या शासकाचं संरक्षण मागितलं. ऑस्ट्रियात याचा फायदा बाबेनबेर्ग ड्यूकांनी उचलला. मठ वाचले छोट्या सरदारांपासून, आणि त्या संरक्षणातूनच ड्यूकांची सत्ता वाढली.

---

चाफेकळी

शेवटचा प्रश्न. प्रत्यक्ष गेलं तर हिर्साउमध्ये काय दिसतं?

---

द्राक्षवेल

नदीच्या एका बाजूला संत आउरेलियसच्या चर्चचा उरलेला भाग, ठेंगणे जाड खांब. तीच ती काठी ठेवायच्या वेदीची जागा. साधू वाढले, जागा पुरेना आणि पुराचाही त्रास, म्हणून विल्हेल्मने १०८२ मध्ये पलीकडच्या उंचवट्यावर पीटर आणि पॉल यांच्या नावाने मोठं चर्च सुरू केलं. १०९१ मध्ये त्याचं पवित्रीकरण झालं आणि त्याच वर्षी तो वारला. फ्रेंच सैन्याने १६९२ मध्ये ते जाळलं. आज तांबूस वालुकाश्माचा एक बुरूज पूर्ण उभा आहे, त्याला 'घुबडबुरूज' म्हणतात. त्याच्यावर दाढीवाल्या माणसांची शिल्पं आहेत. ते गृहस्थ-बंधू असावेत असं काहींचं म्हणणं. दुर्बीण न्या, शिल्पं बरीच उंचावर आहेत.